खुलताबाद विकणे नाही

मेहरुन्निसाचा हात गोधडीला लागला आणि तिला वाटलं, गोदावरी डोक्यावरून वाहायला लागली. जायकवाडीचं धरण खरं तर खाली कमरेशी असायला हवं, ते तिला टाचा उंचावून चाचपावं लागलं. आणि खुलताबादचा डोंगर, कापूस कोंबून केलेला चांगला गुबगुबीत डोंगर, खाली गुडघ्याजवळ लोंबत होता.

"उलटी टांगलीय," ती म्हणाली.

"काय, मॅडम?"

"गोधडी. उलटी आहे."

शेजारी उभे असलेले सुदर्शनराव हसले. "मॅडम, ही कला आहे. कलेत उलटसुलट काही नसतं."

सुदर्शनरावांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते अंधशाळेचे सचिव होते आणि शहरातल्या बड्या लोकांच्या 'औदार्य क्लब'चे अध्यक्षही होते. त्यामुळं शाळेनं क्लबकडं मदत मागायची झाली की अर्ज तेच लिहायचे, तेच वाचायचे आणि स्वतःच्याच भाषेवर खूश होऊन तेच मंजूर करायचे. माणूस वाईट नव्हता. देवानं दोन डोळे दिले होते, फक्त ते वापरायची त्याला सवय नव्हती. मेहरुन्निसा जन्मापासून आंधळी, त्याच शाळेत शिकली आणि तिथंच शिक्षिका झाली. अशी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

आज क्लबचा लिलाव होता. जालना रोडवरच्या एका थंडगार हॉटेलात, रविवारी दुपारी, अंध मुलांच्या शिक्षणासाठी. येतील त्या पैशांतून ब्रेलची पुस्तकं आणि बोलणारे संगणक घ्यायचे होते. त्यासाठी गुरुवारी क्लबचे कार्यकर्ते टेम्पो घेऊन शाळेत आले. मुलांनी केलेल्या मेणबत्त्या नेल्या, कागदी पिशव्या नेल्या आणि जाता जाता वसतिगृहाच्या भिंतीवरची गोधडीही काढून नेली. भिंतीवर टांगलेलं असतं ते शोभेचं असतं, असा डोळस माणसांचा ठाम समज आहे.

तर ती शोभेची नव्हती. तो जिल्ह्याचा नकाशा होता. भूगोलाच्या पुस्तकातला जिल्हा मुलांच्या बोटांना गुळगुळीत कागद लागायचा, म्हणून मेहरुन्निसानं तो शिवायला काढला. प्रत्येक मुलानं आपापल्या घरून कापड आणलं होतं. पैठणच्या जागी एका विणकराच्या पोरानं आणलेला जरीचा काठ होता. गोदावरी साटीनच्या फितीची, धरण जाड दोरखंडाचं, आणि शहराच्या जागी मखमलीचा मोठा तुकडा. शहराचं नाव कोणतं लिहायचं यावर बाहेर माणसं एकमेकांच्या उरावर बसत होती. गोधडीवर तो प्रश्न आला नाही, कारण मखमलीला हात लावून सगळ्यांनाच कळायचं की आपण कुठं आहोत.

आणि खुलताबादच्या डोंगरावर लाइबाच्या अम्मीची जुनी ओढणी होती, काठाला चमकता गोटा लावलेली. लाइबा नऊ वर्षांची. दर्ग्याजवळ अम्मीचं फुलांचं छोटं दुकान, घरात आणखी तीन पोरं. जूनमध्ये लाइबा वसतिगृहात आली, तेव्हा आठवडाभर रडली. मग तिला गोधडी सापडली. तेव्हापासून ती झोपायच्या आधी भिंतीशी जायची, मखमलीवरून बोटं सरकवत डोंगर गाठायची, तिथं जराशी थांबायची आणि येऊन गुपचूप झोपायची. तशी बाकीची पोरंही जायची. कुणी कन्नडला, कुणी वैजापूरला. एसटीचं तिकीट लागत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी भिंत रिकामी लागली तेव्हा लाइबा मेहरुन्निसाकडं आली. "आपा, मेरा खुलताबाद कौन ले गया?"

मेहरुन्निसा म्हणाली, "इतवार को ले के आती." बोलून गेली खरी, पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असं करून चालणार नव्हतं. पोरगी तेव्हापासून अर्ध्या पोळीवर होती.

शुक्रवारी तिनं सुदर्शनरावांना फोन केला. ते म्हणाले, "अहो मॅडम, माहितीपत्रकात छापून झालंय! 'अंधारातले रंग', असं नावसुद्धा दिलंय मी. मुख्य आकर्षण आहे ते. मुलांकडून दुसरी शिवून घ्या ना. त्यांना वेळच वेळ असतो."

"सर, त्यांच्या आयांचे कपडे आहेत त्यात."

"हो? मग तेही सांगतो निवेदकाला. भाव वाढेल."

म्हणून मेहरुन्निसा आज आली होती, आणि ती आल्याबरोबर सुदर्शनरावांनी तिला दारात स्वागताला उभं केलं. हातात गुलाबांची परडी दिली आणि सांगितलं, प्रत्येकाशी हात मिळवा. पाहुणे आले तसे ते हात तिच्या हातात येत गेले. आंधळ्या बाईचा हात जितका वेळ धरू तितकं पुण्य जास्त, असा हिशेब असावा, सोडतच नव्हते. डोळ्यांच्या एका डॉक्टरांची बोटं फ्रिजमधून काढलेल्या भेंडीसारखी गार होती आणि त्यांना सॅनिटायझरचा वास येत होता. सराफी दुकानाच्या मालकीण तनुजाताई, त्यांची नखं इतकी लांब की हात मिळवताना त्यांनी मेहरुन्निसाला ओरबाडलंच, आणि वर "सो स्वीट" म्हणाल्या. सगळ्यांत जास्त वेळ हात धरला तो ऋतुराजभैय्यानं. भैय्या म्हणजे शहरातला मोठा बिल्डर, पुढच्या निवडणुकीचा उमेदवार, आणि आपण आधीच निवडून आलोय अशा थाटात वावरणारा माणूस. चार अंगठ्या, वाढवलेलं करंगळीचं नख आणि वेलदोड्याचा वास. फोटो नीट येईना म्हणून फोटोग्राफरनं त्याला पुन्हा पुन्हा हात मिळवायला लावला. मेहरुन्निसाला तो हात पाठ झाला.

मग निवेदकानं सगळ्यांना काळ्या पट्ट्या वाटल्या. दोन मिनिटं डोळ्यांवर बांधा आणि या निष्पाप जिवांचा अंधार अनुभवा, असं तो भरल्या गळ्यानं म्हणाला. कल्पना चांगली होती, पण सूप वाढणाऱ्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत तीन साड्या, एक सफारी आणि डॉक्टरांचा चष्मा टोमॅटो सूपमध्ये न्हाऊन निघाले. पट्ट्या सुटल्यावर तनुजाताई म्हणाल्या, "बापरे, किती भयंकर! मला वाटलं मी मरतेच आता." मेहरुन्निसा चाळीस वर्षं तशीच मरत आली होती. तिनं दुसरा समोसा घेतला.

लिलाव पुकारायला सुदर्शनरावांनी कडूबाला आणलं होतं. कडूबा पैठणकडचा, जनावरांच्या बाजारातला जुना दलाल. आयुष्यभर बैल विकले त्यानं. सुदर्शनरावांना कार्यक्रमाला जरा मातीचा वास द्यायचा होता, म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं की धोतर, मुंडासं आणि खांद्यावर दस्ती घालूनच या. दस्ती म्हणजे मोठा रुमाल. कडूबा म्हणाला होता, "साहेब, मी रोज तेच घालतो. दुसरं हायच काय माझ्याकडं?"

पहिली वस्तू पितळी समई. कडूबानं खणखणीत आवाजात पुकारलं, "हां, बोला मंडळी! हर्राशी सुरू!" ऋतुराजभैय्या बसल्या जागेवरून म्हणाला, "हजार." आणि सगळीकडं सामसूम. भैय्याच्या मागं उभ्या असलेल्या चार पोरांनी फक्त एकदा मान वळवून सगळ्या टेबलांकडं बघितलं, एवढं मेहरुन्निसाला शेजारच्या वेटरनं सांगितलं. हॉलमधल्या निम्म्या लोकांची बांधकामाची बिलं भैय्याकडं अडकली होती आणि उरलेल्या निम्म्यांना त्याच्याकडून फ्लॅट घ्यायचे होते. भैय्याच्या वर बोली लावायची कुणाची टाप? समई हजारात गेली. मग एक पैठणी गेली, तीही हजारात. मग सही केलेली क्रिकेटची बॅट. चित्रं. मुलांच्या मेणबत्त्यांचा अख्खा खोका. भैय्याचं टेबल लग्नाच्या रुखवतासारखं दिसायला लागलं.

प्रत्येक वेळी टाळ्या पडत होत्या. भैय्या हात जोडून म्हणत होता, "मुलांसाठी! मुलांसाठी! आणि ती शेवटची गोधडी आहे ना, ती आपल्या नव्या टॉवरच्या लॉबीत लावणार आपण."

लॉबीत! येणारा जाणारा तिच्याकडं बघणार, आणि हात कुणी लावणार नाही. लावला तर वॉचमन ओरडेल. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण मेहरुन्निसाला लहानपणापासून ऐकवली गेली होती. तिला तिचा कधी राग आला नव्हता. आज आला.

शेवटची वस्तू राहिली तेव्हा सुदर्शनराव घाम पुसत कडूबापाशी आले. "अहो, काहीतरी करा. सगळं हजारात चाललंय. संगणकाचा उंदीरसुद्धा येणार नाही यात."

"साहेब, आमच्या बाजारात असं झालं तर त्याला हर्राशी नाय म्हणत," कडूबा म्हणाला. "दरोडा म्हणत्यात."

"मग तुम्ही काय करता?"

"दस्तीखाली सौदा. सगळ्यांनी एकेक करून यायचं, दस्तीखाली दलालाचा हात धरायचा. बोटावरून भाव. कुणी किती लावला, कुणाला दिसत नाय. मंग मोठ्याला भ्यायचं कामून?"

सुदर्शनरावांना ते इतकं आवडलं की त्यांनी माईकच हातात घेतला. पण पहिल्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं की दलालाला तर दिसेल ना, कोण आलंय ते. तो भैय्याला सांगेल. क्षणभर सगळं अडलं. आणि मग सुदर्शनरावांना आयुष्यातली सगळ्यांत मोठी कल्पना सुचली. हातातल्या माईकवरूनच ती बाहेर पडली.

"मित्रांनो! आजची बोली घेणार आहेत आपल्या मेहरुन्निसा मॅडम! त्यांना दिसत नाही. म्हणजे कोण आलं, कुणाचा हात, त्यांना कधीच कळणार नाही! आंधळा न्याय, मित्रांनो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना ते पटलं. ज्या बाईच्या हातात दुपारपासून सगळ्यांनी आपापला हात कोंबला होता, तिला हात ओळखू येणार नाहीत, याबद्दल त्या हॉलमधल्या एकाही शहाण्याला शंका आली नाही. मेहरुन्निसाला हसू इतकं आलं की तिनं ओठ चावले. लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

कडूबानं तिला बाजूला नेऊन शिकवलं. त्याचा तळवा कासऱ्यानं घट्टे पडलेला, खरखरीत. "हे बघा ताई. येक बोट धरलं की येक हजार. दोन धरली, दोन. पंजा म्हणजे पाच. मनगट धरलं की धा हजार, दोनदा दाबलं की वीस, असं चढत जायचं. कोपरापर्यंत कुणी गेला तर समजायचं, पिऊन आलाय."

"आणि नियम?"

"दोनच. दस्तीखालचं खोटं सांगायचं नाय. आन् दस्तीखालचं बाहेर सांगायचं नाय. भाव सांगायचा, माणूस नाय सांगायचा. ज्याचा आसंल त्यो आपला आपण पुढं येतो."

मेहरुन्निसा हळूच म्हणाली, "कडूबाभाऊ, दलालाला स्वतःला बैल आवडला तर?"

तिला कळलं की तो तिच्याकडं बघतोय. "घेता येतो की," तो म्हणाला. "मी दोनदा घेतलाय. पण आधी पुकारून सांगावं लागतं. आन् सगळ्यांच्या मागून बोलायचं."

"मग पुकारा."

कडूबानं पुकारलं. "ऐका मंडळी! रिवाजापरमाणं दलालाची बोली शेवटाला!" कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे रांगेत उभं राहून दस्तीचे फोटो काढत होते.

तिच्याकडं किती होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वीस हजार. नव्या मोबाईलसाठी साठवलेले. जुना मोबाईल वाचून दाखवताना अडखळायचा. 'बॅटरी' म्हणायला सुरुवात करायचा आणि शब्द पुरा होण्याआधीच बॅटरी संपायची. वीस हजार म्हणजे दोनदा मनगट. या बड्या लोकांची सुरुवातच तिथून होणार, हेही तिला ठाऊक होतं. मघाशी भैय्या सूप पिता पिता मोठ्यानं म्हणाला होता, "गोधडीला आपण लाखाच्या खाली हातच लावणार नाही." ती खुर्चीत बसली, उजवा हात पुढं केला, त्यावर दस्ती पडली आणि तिनं मनातल्या मनात लाइबाची माफी मागून ठेवली.

पहिला हात आला. गार भेंडी. डॉक्टर. मेहरुन्निसा मनगट सैल सोडून बसली. भेंडीनं तिचं एक बोट धरलं, जरा विचार केला, आणि सोडून दिलं.

तिला वाटलं, चुकून झालं असेल. पण दुसरा हात आला, लांब नखांचा. त्यानं दोन बोटं धरली, मग तिसरं धरलं, मग तिसरं सोडलं. त्यानंतर एक जाड, घामट हात आला. त्यानं काहीच धरलं नाही, नुसतं थोपटलं आणि वर "ईश्वर तुमचं भलं करो" म्हणून गेला. एकानं करंगळीच धरली, म्हणजे लहान बोटाला कमी पडत असतील अशा आशेनं. सूप सांडलेल्या सफारीनं तीन बोटं धरली. सगळ्यांत मोठी बोली तीच. आणि प्रत्येक जण दस्तीतून हात काढताना असा काही लांब उसासा टाकत होता, की बघणाऱ्याला वाटावं, गेलं बिचाऱ्याचं शेत.

मेहरुन्निसा चकित झाली होती. एवढी मोठी माणसं, एवढे मोठे आवाज, आणि दस्तीखाली गेल्यावर सगळी अशी आक्रसतात?

शेवटी चार अंगठ्या आल्या. वेलदोड्याचा वास. भैय्यानं आधी सगळ्यांकडं वळून मोठ्यानं म्हटलं, "बघा हं, आज विक्रम होणार!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि मग दस्तीखाली त्या चार अंगठ्यांनी मेहरुन्निसाची दोन बोटं धरली. दोन. करंगळीच्या नखानं जरा खाजवलंसुद्धा.

आता दलालाची पाळी.

सगळ्यांत वरची बोली तीन हजार. तिनं चार बोटं धरली असती तरी खुलताबाद तिचं होतं. मोबाईलचे सोळा हजार वाचले असते. कुणी काही बोललं नसतं. तिनं डावा हात दस्तीखाली घातला. गोट्याची ओढणी आठवली. दोरखंडाचं धरण, पोरांच्या बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालेली पैठणची जर. चार हजारात घ्यायची तिला लाज वाटली. तिनं स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं आणि दोनदा दाबलं.

मग आधी ठरल्याप्रमाणं सगळ्यांत मोठा भाव घ्यायला कडूबाचा हात दस्तीखाली आला. तिनं त्याचं मनगट धरून दोनदा दाबलं आणि हळूच म्हणाली, "माझा."

कडूबानं दस्ती उचलली. "सौदा पटला! वीस हजार. गोधडी दलालाला. मेहरुन्निसाताईंना!"

मग हळूहळू लोकांच्या डोक्यात उजेड पडायला लागला. वीस हजार? फक्त? म्हणजे बाकीच्यांनी... म्हणजे भैय्यानं... प्रत्येकाला वाटत होतं की आपण कमी लावले तर बिघडलं कुठं, दुसरा कुणीतरी लाख लावणारच आहे. आता दुसरा कुणीच नव्हता.

सगळ्यांच्या माना भैय्याकडं वळल्या. भैय्या उठला. त्याचा आवाज जरा चढला होता. "एक मिनिट! आपण तर सव्वा लाख लावले होते! मॅडमना समजलं नसेल. त्यांची काही चूक नाही हो, बिचाऱ्यांना दिसत नाही ना!"

हॉलनं सुटकेचा श्वास टाकला. हां, मग बरोबर! बाईंना समजलंच नाही! डॉक्टर म्हणाले, त्यांनाही तशीच शंका होती. तनुजाताई म्हणाल्या, "मीही बरंच लावलं होतं हं." सुदर्शनराव माईकवर आले आणि आनंदानं थरथरत म्हणाले, "मित्रांनो, अनवधानानं झालेली चूक आपण मोठ्या मनानं पोटात घालू. 'अंधारातले रंग', सव्वा लाख, ऋतुराजभैय्या!"

टाळ्या पडायला लागल्या. कुणीतरी गोधडी खुंटीवरून काढतंय, हे मेहरुन्निसाला आवाजावरून कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा तिला भयंकर संताप आला. ते कामाचे डोळे नव्हते, पण नको तिथं चालायचे.

ती उठली. "सर, चूक माझीच असेल," ती म्हणाली. माईक तिच्यापासून लांब होता, पण वर्गात चाळीस पोरांना गप्प करणाऱ्या आवाजाला माईक लागत नाही. "आपण पुन्हा करू. भैय्या, तुम्ही या. मघाशी माझा हात जसा धरला होता तसाच आत्ता धरा. फक्त दस्ती नको. सगळ्यांसमोर, उघड्यावर. म्हणजे माझं कुठं चुकलं ते सगळ्यांनाच दिसेल."

भैय्या हसला. "आता कशाला मॅडम? तसंही तुम्हाला काय कळणार, कुणाचा हात होता ते?"

"ते बरोबर. मला कुठं दिसतं?" मेहरुन्निसा म्हणाली. "पण दारात तुम्ही माझा हात फारच वेळ धरून ठेवला होता. फोटो येईना म्हणून. चार अंगठ्या, भैय्या. तर्जनीतली सैल आहे, फिरते. करंगळीचं नख एका बाजूनं तुटलंय. तनुजाताईंनी मला ओरबाडलंय, ती खूण अजून आहे. डॉक्टर, तुमचे हात फार गार असतात, तपासून घ्या एकदा. मला सगळे हात आठवतात. काय करणार, दुसरं काही बघायलाच मिळत नाही."

डॉक्टरांनी हात खिशात घातले. पाठोपाठ आणखी पुष्कळ हात खिशात गेले.

भैय्या पुढं आला नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? त्याची पोरं त्याच्याकडं बघत होती, फोटोग्राफरनं कॅमेरा रोखून धरला होता, आणि निवडणूक तोंडावर होती.

मेहरुन्निसाच्या जिभेवर 'दोन बोटं' हे शब्द येऊन बसले होते. किती गोड लागले असते! पण तिनं दस्तीचा नियम कबूल केला होता, म्हणून तिनं ते गिळले.

तेवढ्यात कडूबा खाकरला. "ताई, दस्तीखालचं बाहेर सांगायचं नाय, ठरलंय आपलं," तो म्हणाला. मग भैय्याकडं वळून, बैलाला चुचकारावं अशा आवाजात म्हणाला, "भैय्या, झाकली मूठ सव्वा लाखाची असतीया. कशाला उघडता? दस्ती उचलली तवाच सौदा संपला. आता तोंडानं बोललात ते सव्वा लाख धर्माचं. गोधडी ताईंची, पुण्य तुमचं. काय म्हणता?"

ऋतुराजभैय्या बिल्डर होता. कुठल्या जमिनीत किती पाणी आहे हे त्याला लवकर कळायचं. तो दोन्ही हात उंचावून गरजला, "अरे, आपण तेच म्हणत होतो! गोधडी मॅडमचीच! सव्वा लाख मुलांसाठी!"

शिट्ट्या. टाळ्या. आणि मग जे सुरू झालं त्याला धावपळच म्हणायला हवं. भैय्यानं सव्वा लाख लावले होते असं ठरल्यावर आपण काय लावले होते, हे प्रत्येकाला तातडीनं जाहीर करायचं होतं. "माझे पन्नास होते!" डॉक्टर. "पंच्याहत्तर लिहा!" तनुजाताई. सफारीवाला ओरडत होता की त्याचे साठ होते, पण सुपामुळं हात घसरला. नुसतं थोपटून गेलेल्या माणसानं तर संगणकांची अख्खी खोलीच कबूल करून टाकली. आणि बोलताना सगळे मेहरुन्निसाच्या काळ्या चष्म्याकडं असे बघत होते, जशी पोरं परीक्षेत पर्यवेक्षकाकडं बघतात. सुदर्शनराव लिहून घेत होते आणि ढसाढसा रडत होते. अशी माणुसकी त्यांनी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती.

निघताना कडूबानं दस्ती झटकून तिच्या हातात दिली. "ठिवा ताई. ह्या दस्तीखाली इतका पडेल भाव कधीच निघाला नव्हता. आता ही बाजारात न्यायची मला लाज वाटंल. बैलबी हसतील."

"आणि माझी बोली?"

"तुमची?" कडूबानं मुंडासं सावरलं. "तुमी लई महाग बैल घेतला, ताई. पण बैल चांगला हाय."

संध्याकाळी गोधडी भिंतीवर गेली, सरळ. पोरं तिच्यावर अशी तुटून पडली की वैजापूरचा एक टाका उसवला. मेहरुन्निसानं तो शिवायला घेतला, आणि सुई हातात होतीच म्हणून दस्तीचा एक चौकोनी तुकडा कापून मखमलीवर जोडला, औरंगपुऱ्यापासून जरा उजवीकडं, जिथं जालना रोड सुरू होतो. तीन बाजू शिवल्या. चौथी मुद्दाम मोकळी ठेवली.

लाइबाला नवी वस्तू लगेच सापडली. "आपा, यहाँ जेब है!" तिनं आत बोट घातलं, इकडं तिकडं फिरवलं. "इसमें तो कुछ भी नहीं."

"बराबर है," मेहरुन्निसा म्हणाली. "वो बड़े लोगां का होटल है."

लाइबानं थोडा विचार केला, बोट बाहेर काढून फ्रॉकला पुसलं, आणि मखमलीवरून वर, डावीकडं सरकत सरकत डोंगर गाठला. तिथं तिनं हात टेकवला. एक बोट नाही, दोन नाही. पूर्ण पंजा, मनगटापर्यंत.